पाच हजार डॉलर कुणी दिले?

गेल्या दिवाळीत आमच्या कॉलेजच्या बोट क्लबच्या माजी खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप पडला. चौघांची नवी बोट घ्यायची आहे, जुनीच्या तळाला तिसऱ्यांदा फायबर लावलंय, तरी अर्ध्या तासात तिच्यात पाणी साचतं, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे पाठवावेत. गटात दोनशेच्या वर माणसं. निम्मी पुण्या-मुंबईत चांगल्या नोकऱ्यांत, काही परदेशात. पहिल्या दिवशी अंगठे आले, जोडलेले हात आले, कुणीतरी जुन्या शर्यतीचा फोटो टाकला आणि त्या फोटोखाली रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या. आठवड्याने हिशेब केला, तर जमलेल्या पैशांत धड दोन वल्हीही आली नसती.

तो निरोप मीच लिहिला होता. चार दिवस रागात गेले. मग राग बाजूला ठेवून मी एक जुनं प्रकरण पुन्हा उघडलं. रोइंग करणाऱ्या कुणालाही ते ऐकून माहीत असतं, पण आपण त्यातली शर्यत तेवढी लक्षात ठेवतो आणि पैशांची गोष्ट विसरतो. मला या वेळी पैशांचीच गोष्ट समजून घ्यायची होती.

5 जुलै 1936, रविवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्स्टनच्या कार्नेगी तलावात ऑलिम्पिकसाठी आठ जणांच्या बोटींची निवड शर्यत झाली. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या पोरांनी ती जिंकली. फिलाडेल्फियाचा पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅथलेटिक क्लब दुसरा, कॅलिफोर्निया विद्यापीठ तिसरं. बर्लिनची जागा पक्की झाली आणि त्याच संध्याकाळी ऑलिम्पिक रोइंग समितीने कळवलं की संघाला पाठवायला समितीकडे पैसे नाहीत. वॉशिंग्टनने आपला खर्च आपण करावा, पाच हजार डॉलर उभे करावेत. नाही जमलं, तर दुसऱ्या क्रमांकाचा क्लब स्वतःच्या पैशाने जायला तयार आहे. न्यूयॉर्कहून बोट सुटायची होती 15 जुलैला. म्हणजे हातात दहा दिवस, आणि गाव चार-साडेचार हजार किलोमीटर लांब.

हे 1936 साल आहे हे विसरून चालणार नाही. महामंदीला सात वर्षं होत आली होती. सिएटल शहराच्या दक्षिणेला भरतीच्या चिखलात बेघर, बेकार माणसांची पत्र्याची नि लाकडाची वस्ती उभी होती. बोटीतली पोरंसुद्धा खात्यापित्या घरची नव्हती. सात नंबरच्या सीटवरचा ‘जो’ रँट्झ हा लहान वयात घरच्यांनी मागे टाकलेला मुलगा. आदल्या उन्हाळ्यात तो ग्रँड कूली धरणाच्या कामावर राबून फीचे पैसे जमवून आला होता. गॉर्डन अ‍ॅडम गायी-गुरांच्या शेतावर वाढलेला. शिष्यवृत्ती नावाचा प्रकार तिथे रोइंगला नव्हता. क्रूमध्ये जागा मिळवली तर विद्यापीठात एखादं अर्धवेळ काम मिळे, एवढाच आधार. अशा पोरांसाठी, अशा गावात, रविवारी रात्री पाच हजारांची मागणी गेली.

पैसे मोजून दोन-तीन दिवसांत जमले.

सिएटल पोस्ट-इंटेलिजन्सरचा रॉयल ब्रॉघम आणि सिएटल टाइम्सचा जॉर्ज वार्नेल या दोन क्रीडा पत्रकारांनी ही बातमी गावात पेटवली. सोमवार उजाडला तो पैसे गोळा करण्यातच. वर्तमानपत्रं, रेडिओ, व्यापारी मंडळ, माजी विद्यार्थी, आणि रस्त्यावर बिल्ले विकणारी विद्यापीठातली मुलं. मोठे आकडे देणारे होते तसे काही सेंट देणारेही होते. आठवडा सरायच्या आत संघाचं जाणं पक्कं झालं.

इथपर्यंतची गोष्ट वाचली की मन भरून येतं आणि आपण पुस्तक मिटतो. मलाही आधी तेच वाटायचं: मोठ्या मनाचं गाव, अटीतटीची वेळ, झालं. पण माझ्या गटातली दोनशे माणसंही काही कोत्या मनाची नाहीत. त्यांतल्या एकाने माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोन वाजता रक्त दिलंय. मग तिकडे जे दोन दिवसांत झालं, ते इकडे आठवड्यात का होऊ नये? उत्तर शोधायला मला 1936 सोडून मागे जावं लागलं, जवळजवळ तीस वर्षं.

1907 साली वॉशिंग्टनच्या रोइंगची जबाबदारी हायरम कॉनिबेअर नावाच्या माणसाकडे आली. हा मूळचा सायकलपटू, मग खेळाडूंचा ट्रेनर; शिकागोच्या व्हाइट सॉक्स बेसबॉल संघासोबत काम केलेला. रोइंगचं त्याला ओ की ठो येत नव्हतं. त्याने काय करावं? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून माणसाचा सांगाडा मागून आणला, त्याच्या हातात झाडूचा दांडा दिला आणि वल्हं ओढताना पाठीचा कणा, खांदे, गुडघे कसे हलतात ते बघत बसला. हा प्रसंग मला फार आवडतो. ज्याला येत नाही त्याने शिकायची लाज धरली नाही, आणि शिकताना आजूबाजूच्या लोकांना त्यात ओढलं.

1912 मध्ये तो कॅनडात व्हँकूव्हरला गेला. तिथे बंदरात तरंगत्या ओंडक्यांवर उभारलेल्या कारखान्यात जॉर्ज आणि डिक पोकॉक हे दोन इंग्रज भाऊ बोटी बांधत. त्यांचे वडील इंग्लंडमधल्या ईटन या शाळेत बोटी बांधणारे. जॉर्ज त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या शालेय रोइंग परंपरांपैकी एकीच्या शेडमध्ये मोठा झालेला मुलगा पॅसिफिकच्या काठावर येऊन पोहोचला होता. कॉनिबेअरने त्यांना सांगितलं, मला आठ जणांच्या बारा बोटी हव्यात. भावांनी सिएटलला जायची तयारी केली. नंतर कळलं की पैसे एकाच बोटीपुरते आहेत.

बारा मागून एक. हे वाचलं तेव्हा मला आमचीच चारजणांची बोट आठवली. पण पुढचं महत्त्वाचं: पोकॉक भाऊ सिएटलला आलेच. जॉर्ज तर आयुष्यभर तिथला झाला. मधली काही वर्षं बोइंगच्या कारखान्यात विमानांचे तरंगते पाय बांधून 1922 पासून तो पुन्हा पूर्णवेळ बोटींकडे वळला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी बांधलेलं एक मोठं लाकडी हँगर विद्यापीठाकडे आलं होतं, त्यात खाली बोटी आणि वर पोकॉकचा कारखाना. तिथल्या लाल देवदाराच्या, सीडरच्या, जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या फळ्या वाफेवर वाकवून तो बोटीचं कवच बनवी. पोरं सरावाला येता-जाता ते बघत. ज्याचं काही बिनसलंय तो पोरगा वर जाऊन त्याच्याशेजारी उभा राही. तो हातातलं काम न थांबवता बोले.

कॉनिबेअर 1917 मध्ये घराच्या अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडावरून पडून गेला. पण तोवर त्याने केलेलं एक काम टिकलं: त्याच्याकडून शिकून बाहेर पडलेला मुलगा बोटहाऊसपासून तुटत नसे. याचा पुरावा भावनेत शोधायची गरज नाही, नोंदींतच आहे, आणि मला तर तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा ऐवज वाटतो.

एड लीडर हा वॉशिंग्टनचा जुना खेळाडू आणि प्रशिक्षक. तो 1922 मध्ये येल विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून गेला, सोबत डिक पोकॉकला घेऊन गेला. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आठ जणांच्या बोटीचं सुवर्ण येलने जिंकलं. कॅरोल ‘काय’ एब्राइट हा वॉशिंग्टनचा कॉक्स, म्हणजे बोटीच्या टोकाला बसून सुकाणू आणि लय सांभाळणारा. तो कॅलिफोर्नियाला गेला, आणि 1928 आणि 1932 ची सुवर्णं कॅलिफोर्नियाची. 1936 चं वॉशिंग्टनचं स्वतःचं, प्रशिक्षक अल उलब्रिकसन, तोही तिथलाच माजी खेळाडू. महायुद्धाने दोन ऑलिम्पिक बुडाली. 1948 चं पुन्हा एब्राइटच्या कॅलिफोर्नियाचं. 1952 चं अमेरिकन नेव्हल अकॅडमीचं, प्रशिक्षक रस्टी कॅलो, वॉशिंग्टनचा माजी खेळाडू. सलग सहा ऑलिम्पिक, सहा सुवर्णं, चार वेगवेगळ्या संस्था, आणि सहाही वेळा बोटीमागच्या लाँचमध्ये उभा असलेला माणूस सिएटलच्या त्याच परंपरेतून आलेला.

एब्राइटची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठात रोइंग बंद पडायच्या बेतात होतं. पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टनला टक्कर देणारं तेवढं एकच विद्यापीठ. तिथलं रोइंग मेलं असतं, तर वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं बिनविरोध पहिलं येता आलं असतं. त्यांनी आपला माणूस तिकडे पाठवला. पोकॉक बोटीही त्यांना विकत राहिला. शत्रूला हत्यार पुरवण्यासारखंच हे, आणि पुढे एब्राइटने वॉशिंग्टनला अनेकदा हरवलंही. पण ज्याच्याशी शर्यत करायची तोच उरला नाही तर आपल्या पोरांनी पहाटे पाचला उठायचं कशासाठी, हे त्या बोटहाऊसमधल्या माणसांना कळत होतं. माझ्या ओळखीतल्या किती क्लबांनी शेजारच्या क्लबचा आजारी पडलेला संघ उभा करायला आपला सीनियर पाठवलाय, याचा मी विचार केला. एकही नाव आठवलं नाही. आमचंही नाही.

आता 1936 च्या त्या सोमवारी परत येऊ. सिएटलकरांपुढे हाक गेली तेव्हा तिच्यात काय काय होतं? आकडा ठरलेला होता: पाच हजार. मुदत ठरलेली होती. पैसे न आल्यास काय होईल हेही डोळ्यांसमोर होतं, दुसरा क्लब जाणार होता, तोही पूर्वेकडचा. पूर्वेकडच्यांनी पश्चिमेच्या रानटी पोरांकडे तुच्छतेने बघायचं हे सिएटलने कित्येक वर्षं सोसलं होतं. आणि हाक कुणी दिली? क्लबने दिली नाही, प्रशिक्षकाने दिली नाही. लोक रोज सकाळी ज्यांचं लिहिलेलं वाचत होते, त्या दोन पत्रकारांनी दिली. ब्रॉघम आणि वार्नेल यांच्या लिखाणातून स्ट्रोकची गती, कोणत्या पोराची सीट बदलली, कुणाचा खोकला जात नाही, हे सगळं गावाला आधीच ठाऊक होतं. 22 जून 1936 ला, म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी, न्यूयॉर्कजवळ पौकीप्सीला हडसन नदीतल्या शर्यतींत वॉशिंग्टनच्या फ्रेशमन (पहिल्या वर्षाची मुलं), ज्युनियर (दुसरा संघ) आणि व्हर्सिटी (मुख्य संघ) तिन्ही बोटी पहिल्या आल्या होत्या. व्हर्सिटीच्या चार मैलांच्या शर्यतीत कॉक्स बॉब मॉकने पोरांना मैलोन् मैल संथ ठेवलं, मागे पडू दिलं, आणि शेवटी सोडलं. ते सगळं गावाने रेडिओवर ऐकलं होतं. त्यामुळे पैशांची मागणी आली तेव्हा ती कुणा ‘संघा’साठी नव्हती. डॉन ह्यूम अ‍ॅनाकॉर्टेसचा, मॉक माँटेसानोचा, रॉजर मॉरिस तर सिएटलच्याच फ्रीमाँट भागातला, असा प्रत्येकाचा गाव आणि घर माहीत होतं.

माझा दिवाळीतला निरोप मी या शेजारी ठेवून पाहिला. त्यात आकडा नव्हता, ‘जमेल तेवढं’ होतं. मुदत नव्हती. आत्ता क्लबात कोण मुलं-मुली वल्हं मारतायत, त्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं. मला स्वतःलाच त्यातली तीन नावं आली असती. आणि त्या गटावर आदल्या दोन वर्षांत क्लबकडून काय काय आलं होतं ते वर सरकवत पाहिलं: एक निधनवार्ता, दोन वर्धापनदिनाच्या शुभेच्छा, आणि तीन वेळा पैशांची मागणी.

बर्लिनची शर्यत इथे थोडक्यातच सांगते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. 62 फूट लांबीची ‘हस्की क्लिपर’ नावाची बोट आगबोटीवर चढवताना पोरांचा जीव टांगणीला लागला होता. बोट इतकी लांब आणि कवच इतकं पातळ की एक चुकीचा हिसका बसला तर सगळं संपलं. पोकॉक त्यांच्यासोबत गेला. 12 ऑगस्टला प्राथमिक फेरीत त्यांनी 6 मिनिटं 0.8 सेकंदांची वेळ दिली. 14 ऑगस्टला ग्र्युनाउच्या पाण्यावर अंतिम शर्यतीत त्यांच्या वाट्याला सहावी, वाऱ्याच्या तोंडावरची लेन आली. जर्मनी आणि इटली आडोशाच्या लेनमध्ये. स्ट्रोक सीटवरचा, म्हणजे ज्याच्या तालावर बाकीचे वल्ही मारतात तो ह्यूम तापाने फणफणलेला. सुरुवातीचा इशारा त्यांना ऐकूच आला नाही. मागे पडलेली बोट शेवटच्या टप्प्यात वर आली: वॉशिंग्टन 6:25.4, इटली 6:26.0, जर्मनी 6:26.4. एका सेकंदात तीन बोटी. रोइंगच्या सात शर्यतींपैकी पाच जर्मनीने जिंकल्या होत्या.

पैसे कुणी दिले याचा हिशेब मात्र इथे संपत नाही, आणि मला याच्या पुढचा भाग जास्त शिकवून गेला, कारण तो कुणी फारसा सांगत नाही.

वीस वर्षांनंतर, 1956 साली, त्याच विद्यापीठाच्या त्याच माजी विद्यार्थ्यांच्या आणि हितचिंतकांच्या जगातून दुसऱ्या प्रकारचा पैसा उघडकीला आला. फुटबॉलच्या खेळाडूंना नियमाबाहेर पैसे देण्यासाठी एक गुप्त निधी चालवला जात होता. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने विद्यापीठावर दोन वर्षांची बंदी घातली, आणि ती फक्त फुटबॉलवर नव्हती, सगळ्याच खेळांवर होती. रोइंगच्या पोरांनी काहीही केलेलं नसताना त्यांना राष्ट्रीय शर्यतीची दारं बंद झाली.

मला या घटनेवर फार वेळ रेंगाळावंसं वाटतं. पैसे तेच, शहर तेच, विद्यापीठावरचं प्रेमही तेच. 1936 मध्ये पैसा उजेडात गोळा झाला, वर्तमानपत्रात, रस्त्यावर, कशासाठी हवा हे सगळ्यांना सांगून. 1950 च्या दशकात तो बंद दाराआड जमला आणि काही निवडक खेळाडूंच्या खिशात गेला. आपल्याकडे माजी विद्यार्थी संघांत पैशांबद्दल बोलताना जी कुचंबणा असते, कुणी दिले, किती दिले, कुठे गेले हे विचारलं की जे वातावरण होतं, त्याचा इलाज मला इथे दिसतो. आमच्या क्लबात पाच वर्षांपूर्वी एका सीनियरने बरीच मोठी रक्कम दिली होती. त्यातून काय घेतलं हे आजही कुणाला नीट सांगता येत नाही. पैसे कुणी खाल्ले असं मला अजिबात वाटत नाही. ते दुरुस्त्यांत, लाइफ जॅकेटांत, प्रवासात विरघळले असणार. पण त्या सीनियरला कुणी एक कागदही पाठवला नाही. दिवाळीत त्यांनी काहीच दिलं नाही, आणि मी मनात त्यांना नावं ठेवली होती.

बंदीच्या काळात वॉशिंग्टनचा संघ घरी बसला नाही. 1958 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या हेन्लीच्या शर्यतींना जायचं ठरवलं आणि सिएटलने पुन्हा पैसे उभे केले. हेन्लीला पहिल्याच फेरीत ते लेनिनग्राडच्या ‘त्रूद’ संघाकडून हरले. तिथून ते मॉस्कोला गेले. 19 जुलै 1958 ला खिमकीच्या जलाशयात, शीतयुद्धाच्या ऐन मध्यात, त्याच त्रूदला त्यांनी पावणेदोन बोटींच्या अंतराने मागे टाकलं. सिएटलच्या रेडिओवरून कीथ जॅक्सनने ती शर्यत थेट ऐकवली. प्रशिक्षक तोच, अल उलब्रिकसन. बावीस वर्षांपूर्वी बर्लिनला गेलेला माणूस अजून त्याच लाँचमध्ये उभा होता. हाक ऐकणाऱ्याला पैसे कुणाच्या हातात पडणार हे ठाऊक असणं किती मोठी गोष्ट आहे!

एक गोष्ट मला खुपते, ती लिहायलाच हवी. या सगळ्या कथेत मुली नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत वॉशिंग्टनमध्ये मुली वल्ही मारत होत्या, मग ते बंद झालं, आणि स्पर्धात्मक स्वरूपात परत यायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे ज्या काळात बोटहाऊसने सहा ऑलिम्पिक सुवर्णांचे प्रशिक्षक घडवले, त्या काळात निम्मं विद्यापीठ काठावर उभं होतं. दार उघडल्यावर काय झालं ते बघा: 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिलांच्या आठ जणींच्या बोटीने सुवर्ण जिंकलं, आणि त्या बोटीची कॉक्स बेट्सी बीअर्ड वॉशिंग्टनची होती. आमच्या क्लबात आज मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. माजी खेळाडूंच्या समितीत मात्र मी धरून दोघी. ही समिती पैसे मागते तेव्हा तिला त्या मुलींची गरज काय आहे हेच माहीत नसतं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी बोटहाऊसच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी मागितली होती. नव्या बोटीच्या आधी ती यायला हवी होती.

1936 ची ती नऊ पोरं दर दहा वर्षांनी भेटत राहिली. कॉक्स मॉक वकील झाला, त्याआधी एमआयटीत प्रशिक्षक. रँट्झने आयुष्यभर बोइंगमध्ये काम केलं. चक डे 1962 मध्ये कर्करोगाने गेला. उरलेले 1986 मध्ये, सुवर्णपदकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पुन्हा एकदा पाण्यावर उतरले, वयाच्या सत्तरीत, हळूहळू वल्ही ओढत. मॉरिस शेवटचा, तो 2009 मध्ये गेला. ‘हस्की क्लिपर’ आता तिथल्या कॉनिबेअर शेलहाऊसच्या जेवणघरात छताला टांगलेली आहे. सकाळचा सराव करून भुकेने आलेली आजची पोरं-पोरी तिच्याखाली बसून अंडी नि ब्रेड खातात. ती काचेच्या पेटीत नाही, याचा मला आनंद वाटतो.

पुण्यात असलेल्यांना या सगळ्याची एक खूण घराजवळ सापडेल. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, सीओईपीचा बोट क्लब 1928 सालचा आहे, म्हणजे एब्राइटच्या पहिल्या सुवर्णाच्या वर्षातला. मुळा-मुठेच्या काठी संगमाजवळ दरवर्षी होणाऱ्या त्यांच्या रेगाटात अंधार पडल्यावर मशाली घेऊन पोरं जे करतात ते मी लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून पाहिलंय. काठावर सगळ्या वयाची माणसं होती. शेजारी बसलेले एक आजोबा प्रत्येक पंट, म्हणजे सपाट तळाची बोट, पुढे आली की ‘डावीकडे, डावीकडे’ असं पुटपुटत होते. आत्या म्हणाली, ते इथलेच, फार वर्षांपूर्वीचे. रेगाटाचं तिकीट, जाहिरात, नदीची दुर्दशा, जलपर्णी, हे सगळं आलंच, पण ते आजोबा दरवर्षी यायचे यातच त्या क्लबचं अर्धं बळ आहे असं मला आज वाटतं.

जानेवारीत आम्ही आमच्या क्लबात एक गोष्ट केली. पैसे मागितले नाहीत. गटावर दर शनिवारी आत्ताच्या एका खेळाडूबद्दल चार ओळी टाकायला सुरुवात केली: नाव, गाव, कोणत्या सीटवर बसतो किंवा बसते, एर्गोवर, म्हणजे रोइंगच्या सरावाच्या यंत्रावर, दोन हजार मीटरची वेळ किती, आणि घरून क्लबपर्यंत कशी येते. पहिल्या आठवड्यात जिच्याबद्दल लिहिलं ती पहाटे सव्वाचारच्या एसटीने येते. त्या रात्री एका सीनियरने खाजगीत विचारलं, तिला सायकल चालवता येते का. दुसऱ्या दिवशी सायकल आली. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी मोठी रक्कम दिली होती त्यांना मी पत्र लिहिलं, त्या पैशांचं काय झालं ते जेवढं शोधता आलं तेवढं, बिलांच्या फोटोंसकट. काही खर्चाची बिलं सापडली नाहीत, तेही लिहिलं. त्यांचा फोन आला. पैशांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या जुन्या बोटीचे रिगर, म्हणजे बोटीबाहेर काढलेले वल्ह्यांचे आधार, कोण घट्ट करतं, कारण फोटोत डावीकडचा तिसरा वाकलेला दिसतोय.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते स्वतः पाना घेऊन आले. चौसष्ट वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात म्हणून खाली बसता येईना, तेव्हा दोन मुलींनी बोट ट्रेसलवरून उचलून टेबलावर आडवी ठेवली आणि ते उभ्याने काम करत राहिले. नटावर पाना चढवून अंगठ्याने किती दाब द्यायचा, ते त्यांनी त्या दोघींना प्रत्येकी तीनदा करायला लावलं. दुपारी एक वाजता हात पुसताना म्हणाले, तळ आता काही धरायचा नाही बरं का, पोरींनो, पण रिगर अजून दहा वर्षं जातील. नवी बोट येईल तेव्हा हे काढून तिला लावा.

कडी त्याच दिवशी बसली. नव्या बोटीसाठी या वेळी आम्ही आकडा ठरवलाय, मुदतही ठरवलीय, 15 जून. आजवर निम्म्याच्या थोडे वर आलेत.